रात्रीचा बॅकअप गुपचूप अर्धवट राहतो तेव्हा काय काय तपासायचं

ठाण्याच्या नौपाड्यात एका सीएंच्या ऑफिसात मला बोलावलं होतं ते वेगळ्याच कामासाठी. प्रिंटर नेटवर्कवर दिसत नव्हता. तो दिसायला लागल्यावर सवयीने सर्व्हरवर लॉगिन केलं आणि बॅकअपचं फोल्डर उघडलं. रोजची एक फाइल, नावात तारीख, एकही दिवस चुकलेला नाही. ऑफिस सांभाळणाऱ्या ताई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "रोज होतो हो बॅकअप, सकाळी आल्यावर फाइल आलीय का ते मी बघते ना." खरंच बघत होत्या. फक्त फाइलच्या नावापुढचा आकडा कोणी वाचला नव्हता. एकूण चौदा फाइली. जुन्या तीन १.८ जीबीच्या, आणि त्यानंतरच्या अकरा प्रत्येकी २० बाइट्सच्या.

२० बाइट्स हा आकडा लक्षात ठेवा. फाइल दाबून लहान करणाऱ्या जीझिप कमांडला आत काहीच मिळालं नाही तरी ती फाइल बनवते, आणि नुसत्या वेष्टनाचं वजन २० बाइट्स भरतं. म्हणजे अकरा रात्री काम वेळेवर सुरू झालं, वेळेवर संपलं, फाइलही तयार झाली आणि आत डेटाबेसमधलं एक अक्षरही नव्हतं. शिवाय बॅकअप घेणाऱ्या स्क्रिप्टच्या शेवटी १४ दिवसांपेक्षा जुन्या फाइली पुसणारी ओळ होती. आणखी तीन रात्री गेल्या असत्या तर शेवटची चांगली प्रतही पुसली गेली असती.

ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून नवी मुंबईच्या महापे-रबाळेपर्यंतच्या लहान ऑफिसांत आणि कारखान्यांत सर्व्हर, वाय-फाय, सीसीटीव्ही असं सगळं एकाच माणसाच्या गळ्यात असतं. तुम्ही त्या जागी नुकतेच लागला असाल तर हे तुमच्यासाठी लिहितोय. उदाहरणं मुख्यतः लिनक्सची आहेत, पुढे विंडोजचीही येतील. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची.

आधी पुसणं थांबवा

बिघाड दिसला की हात लगेच स्क्रिप्ट दुरुस्त करायला जातो. त्याआधी जुन्या प्रती पुसणारी ओळ बंद करा. ती बहुतेक वेळा त्याच स्क्रिप्टच्या शेवटी 'फाइंड'ने सुरू होणारी असते, किंवा क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या क्रॉनच्या यादीत) वेगळी लिहिलेली असते. तिच्यापुढे हॅश टाका. मग शेवटची चांगली प्रत दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. आणि आत्ताच्या आत्ता हाताने एक बॅकअप घेऊन त्याचा आकार बघा. कारण सापडायला दोन तास लागोत की दोन दिवस, तोवर ऑफिसचा डेटा उघड्यावर नको.

कधीपासून बिघडलंय

'एलएस -एलएच' देऊन फोल्डरची यादी आकारासकट काढा आणि खालून वर वाचत जा. आकारावरूनच बरंच कळतं. शून्य किंवा २० बाइट्स दिसले तर सुरुवातीलाच दार बंद होतं. पासवर्ड आणि परवानग्या बघा. रोज वेगळा पण नेहमीपेक्षा कमी आकार असेल तर काम मध्येच तुटतंय. डिस्कची जागा, मेमरी किंवा नेटवर्क बघा. आणि कित्येक रात्री आकार बाइटपर्यंत तोच असेल, तर तुम्ही ज्या फोल्डरचा बॅकअप घेताय तिथे आता कोणी काम करत नाही. चालू डेटा कधीतरी दुसरीकडे हलवला गेलाय. हा शेवटचा प्रकार सगळ्यात फसवा, कारण फाइल धडधाकट असते, उघडतेही.

पहिली वाईट फाइल ज्या तारखेची, तिच्या आसपास काय बदललं ते माणसांना विचारा. पासवर्ड बदलले का? अपडेट टाकलं? कोणी नोकरी सोडली आणि त्याचं खातं बंद केलं? नौपाड्यात ताईंनी क्षणात सांगितलं, "त्याच आठवड्यात ऑडिटवाल्यांनी सगळे पासवर्ड बदलायला लावले होते." डेटाबेसचाही बदलला होता. स्क्रिप्टमध्ये जुनाच राहिला होता.

काम सुरू तरी झालं का

उबुंटू किंवा डेबियनवर सिसलॉगमध्ये 'क्रॉन' शब्द शोधा, नाहीतर 'जर्नलसीटीएल -यू क्रॉन' द्या. रेड हॅटच्या घराण्यातल्या सर्व्हरवर क्रॉनचा लॉग वेगळ्या फाइलमध्ये असतो आणि सर्व्हिसचं नाव 'क्रॉनडी'. ठरल्या वेळेची ओळ तिथे दिसली तर काम सुरू झालं एवढंच सिद्ध होतं. ओळच नसेल तर पुढच्या गोष्टी बघा.

घड्याळ. महापेतल्या एका डेटा सेंटरमध्ये ठेवलेल्या सर्व्हरवर क्रॉनमध्ये रात्री २ ची वेळ लिहिली होती, पण सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, चालत होता. यूटीसीचे २ म्हणजे आपले सकाळचे साडेसात. कारखान्याच्या पहिल्या पाळीच्या नोंदी नेमक्या तेव्हाच सुरू व्हायच्या आणि डंप (डेटाबेसमधला डेटा फाइलमध्ये काढण्याचं काम) लॉकवर अडकून पडायचा. 'टाइमडेटसीटीएल'ने सर्व्हर कोणत्या वेळेवर आहे ते बघा. यूटीसीवरच ठेवायचा असेल तर आपल्या रात्री २ साठी क्रॉनमध्ये २०:३० लिहावं लागतं.

वीज. औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यांत संध्याकाळी शेवटचा माणूस मेन स्विच पाडून शटर ओढतो. त्याचं काही चुकत नाही, त्याला तसंच सांगितलेलं असतं. पण बंद मशिनवर क्रॉन चालत नाही आणि सकाळी मशिन सुरू झाल्यावर चुकलेलं काम भरूनही काढत नाही. त्यासाठी अॅनाक्रॉन लागतं, किंवा सिस्टमडीचा टायमर लावून त्यात 'पर्सिस्टंट'ला 'ट्रू' लिहावं लागतं.

फाइलचं नाव. डेबियन-उबुंटूमध्ये 'क्रॉन डॉट डेली' फोल्डरमध्ये टाकलेल्या स्क्रिप्टच्या नावात टिंब असेल तर ती चालवलीच जात नाही. म्हणजे 'बॅकअप डॉट एसएच' नावाची फाइल तिथे वर्षानुवर्षं पडून राहील. शेवटचं 'डॉट एसएच' काढून टाका, चालेल. यात कुठेही एरर येत नाही, म्हणून नवीन माणूस इथे फार वेळ घालवतो.

टक्क्याचं चिन्ह. क्रॉनटॅबच्या ओळीत ते नव्या ओळीसारखं धरलं जातं. फाइलच्या नावात तारीख घालायला 'डेट' कमांड तिथेच लिहिली असेल तर कमांड पहिल्या टक्क्यापाशी कापली जाते. प्रत्येक टक्क्यापुढे बॅकस्लॅश द्या, किंवा सरळ सगळं स्क्रिप्टमध्ये हलवा. मी दुसरा मार्ग धरतो. क्रॉनटॅबमध्ये फक्त वेळ आणि स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता.

हाताने चालतं, रात्री चालत नाही

ही तक्रार तुम्ही दर महिन्याला ऐकाल. तुम्ही लॉगिन करता तेव्हा तुमच्यासोबत बरंच सामान येतं: लांबलचक पाथ (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांची यादी), बॅश शेल, उघडलेली एसएसएच की (दूरच्या मशिनवर लॉगिनची किल्ली). क्रॉनला यातलं काहीच मिळत नाही. त्याचा पाथ सहसा 'यूएसआर बिन' आणि 'बिन' एवढाच असतो आणि शेलही साधं 'एसएच'. तुम्ही 'यूएसआर लोकल बिन'मध्ये बसवलेला प्रोग्राम त्याला सापडत नाही आणि काम १२७ हा कोड (संपताना दिलेला निकालाचा आकडा) देऊन बाहेर पडतं. फाइल सापडली पण चालवायची परवानगी नसेल तर १२६.

क्रॉनच्या नजरेतून बघायचं असेल तर 'ईएनव्ही -आय' लावून, 'एसएच'मधून, ज्या खात्याने काम चालतं त्याच खात्याने स्क्रिप्ट चालवा. 'सुडो' मारून रूटने चालवून बघितलं तर काहीच सिद्ध होत नाही. दूरच्या मशिनवर एसएसएचने पाठवत असाल तर 'बॅचमोड'ला 'येस' द्या. मग समोरच्याची की बदलली असेल किंवा पासफ्रेज मागितला जात असेल, तर काम वाट बघत न बसता तिथेच एरर देऊन थांबेल.

पाइपमध्ये हरवलेली चूक

आता नौपाड्याच्या त्या अकरा फाइलींचं मूळ. स्क्रिप्टमधली ओळ अशी होती: डेटाबेसचा डंप काढणारा मायएसक्यूएलडंप, मग एकाचं आउटपुट दुसऱ्याला देणारा पाइप, मग जीझिप, आणि शेवटी मोठ्याचं चिन्ह देऊन फाइलचं नाव. लाखो सर्व्हरवर अशीच ओळ असेल. पासवर्ड चुकल्यामुळे डंप पहिल्याच पावलावर पडला आणि त्याने बिघाडाचा कोडही दिला. पण पाइप जोडलेल्या ओळीचा निकाल शेवटच्या कमांडचा धरला जातो, आणि शेवटची कमांड जीझिप. तिने तिचं काम चोख केलं: काहीच नाही ते नीट गुंडाळलं आणि शून्य, म्हणजे यशाचा कोड दिला. पुढच्या ओळीने 'बॅकअप झाला' असं लॉगमध्ये लिहिलं.

उपाय दोन ओळींचा आहे. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅश मागा आणि दुसऱ्या ओळीत 'सेट -ओ पाइपफेल' लिहा. आता पाइपमधलं कोणीही पडलं तरी सगळी ओळ पडली असं धरलं जाईल. त्यानंतर निकाल तपासा, आणि निकाल चांगला असेल तरच पुढचं करा.

त्याला जोडून आणखी एक सवय लावा. बॅकअप लिहिताना फाइलचं नाव 'अपूर्ण'ने सुरू करा. डंप यशस्वी झाला, आकार ठरलेल्या किमान आकड्यापेक्षा जास्त भरला, 'जीझिप -टी'ने फाइल तपासून झाली, आणि डंपच्या शेवटच्या ओळीत 'डंप कम्प्लीटेड' हे शब्द सापडले, की मगच तिला खरं नाव द्या. मायएसक्यूएलडंप पूर्ण झाला तर ती ओळ नेहमीच्या सेटिंगमध्ये स्वतःच शेवटी लिहितो. अर्ध्यात तुटला तर ती नसते. 'जीझिप -टी' एकट्यावर विसंबू नका. ती फक्त वेष्टन तपासते, आणि ती २० बाइट्सची फाइलसुद्धा पास करते. जुन्या फाइली पुसणारी ओळ सगळ्यात शेवटी ठेवा, म्हणजे नवीन चांगली प्रत हातात आल्याशिवाय जुनी जाणार नाही.

कोड वाचायला शिका. फाइलींचा गठ्ठा बांधणाऱ्या टारने १ दिला तर वाचता वाचता एखादी फाइल बदलली. २ दिला तर खरा बिघाड. फाइली दुसरीकडे कॉपी करणाऱ्या आरसिंकचा २४ म्हणजे मधल्या वेळात काही फाइली गायब झाल्या, हे चालू सर्व्हरवर होतं. २३ म्हणजे काही फाइली गेल्याच नाहीत, हा कधीच सोडू नका. १३७ दिसला तर कामाला बाहेरून जबरदस्तीने मारलंय, बहुतेक वेळा मेमरी संपल्यामुळे कर्नलने. 'डीमेसेज'मध्ये त्याची नोंद सापडेल.

गप्प कोणी केलं

क्रॉनच्या ओळीच्या शेवटी 'डेव्ह नल'कडे (येईल ते गिळून टाकणाऱ्या जागेकडे) सगळं वळवलेलं असेल तर ते आधी काढा. कोणीतरी ईमेलचा त्रास वाचवायला ते कधीकाळी घातलेलं असतं. त्याऐवजी सगळं आउटपुट, एररसकट, तारखेच्या लॉग फाइलमध्ये जाऊ द्या. क्रॉन ईमेल पाठवतं हे खरं, पण सर्व्हरवर मेल पाठवणारं काही बसवलेलंच नसेल तर ते आउटपुट फेकून देतं आणि लॉगमध्ये 'नो एमटीए इन्स्टॉल्ड' अशी बारीक नोंद करतं.

ईमेल जाते म्हणून निर्धास्त राहणंही महागात पडतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेत चुकीच्या सर्व्हरवर कमांड दिली गेली आणि मुख्य डेटाबेसचा डेटा पुसला गेला. रोजचा बॅकअप शोधायला गेले तर साठवणीची जागा रिकामी. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा होता आणि डंप घेणारं साधन ९.२ चं चालत होतं, त्यामुळे ते दर वेळी एरर देऊन थांबायचं. एररच्या ईमेल निघायच्या, पण डीमार्क या खोट्या ईमेल रोखणाऱ्या नियमात बसत नसल्याने समोरचा मेल सर्व्हर त्या नाकारायचा. सुमारे सहा तासांपूर्वी कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेला स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) होता, त्यावरून ते उभे राहिले. मधल्या सहा तासांचा डेटा गेला. हे त्यांनी स्वतः सविस्तर जाहीर केलं, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

म्हणून घंटा उलटी लावा. काम बिघडलं की निरोप, असं नको. काम नीट संपलं की निरोप, आणि ठरल्या वेळेत निरोप आला नाही तर घंटा. हेल्थचेक्स नावाची सेवा हेच करते, ती स्वतःच्या मशिनवरही बसवता येते. फक्त दोन अटी पाळा: निरोप पाठवणारी ओळ सगळ्या तपासण्यांच्या नंतर असावी, आणि वाट बघणारी बाजू त्याच सर्व्हरवर नसावी.

जागा, आणि जागाच नसलेली जागा

'डीएफ -एच' सगळेच बघतात. 'डीएफ -आय'ही बघा. लहान लहान फाइली फार झाल्या की आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) संपतात आणि डिस्क अर्धी रिकामी असूनही 'नो स्पेस लेफ्ट' येतं.

याहून वाईट प्रकार नॅसचा, म्हणजे नेटवर्कवर जोडलेल्या साठवणीच्या डब्याचा. नॅस एखाद्या फोल्डरवर माउंट केलेला, म्हणजे जोडलेला असतो. वीज गेली, सर्व्हर आधी सुरू झाला, नॅस नंतर. माउंट झालाच नाही. फोल्डर मात्र तिथेच असतं, आपल्याच डिस्कवर. बॅकअप त्यात बिनतक्रार पडत राहतो, ज्या डिस्कला वाचवायचं तिच्यावरच. स्क्रिप्टमध्ये सुरुवातीला 'माउंटपॉइंट -क्यू' देऊन खात्री करा, नसेल तर तिथेच थांबा.

अडकून पडलेलं काम

सुरू झालं, पडलं नाही, संपलंही नाही. आरसिंकला तुम्ही टाइमआउट दिला नाही तर तो अमर्याद थांबतो. रात्री लाइन तुटली आणि समोरून उत्तर यायचं बंद झालं की तो तसाच बसून राहू शकतो. दोन कामं एकमेकांवर चढू नयेत म्हणून चांगल्या स्क्रिप्टमध्ये 'एफलॉक' लावलेला असतो. तो आपलं काम करतो: पहिलं अजून चालू आहे म्हणून दुसऱ्या रात्रीचं सोडून देतो, तिसऱ्या रात्रीचंही. 'पीएस'मध्ये तीन दिवसांपूर्वी सुरू झालेला आरसिंक दिसला तर हेच झालंय. आरसिंकला टाइमआउट द्या, सगळ्या कामाला 'टाइमआउट' कमांडने कमाल वेळ द्या, आणि लॉक मिळाला नाही तर तेही लॉगमध्ये लिहा.

गणितही करून बघा. बाहेर पाठवायचा डेटा ६० जीबी, अपलोडचा वेग २० एमबीपीएस, तर पावणेसात तास लागतात. रात्री २ ला सुरू केलेलं काम पावणेनऊला संपेल, आणि त्याआधी कोणी राउटर बंद करून चालू केला तर संपणारच नाही. सुरू केलं तेव्हा डेटा १० जीबी होता, म्हणून तेव्हा कोणाला हे दिसलं नाही.

विंडोजवर

टास्क शेड्युलरमध्ये 'लास्ट रन रिझल्ट'चा रकाना वाचा. ०एक्स४१३०१ म्हणजे काम अजून चालूच आहे, ०एक्स८००७०५२ई म्हणजे खात्याचा पासवर्ड चुकतोय. 'झेड ड्राइव्ह'सारखी जोडलेली ड्राइव्ह शेड्युल केलेल्या कामाला बहुतेक वेळा दिसत नाही. नेटवर्कचा पूर्ण पत्ता द्या. फाइली कॉपी करणाऱ्या रोबोकॉपी कमांडचा कोड ८ पेक्षा कमी असेल तर कॉपी झाली, ८ किंवा जास्त असेल तर बिघाड. तिथे १ बघून घाबरू नका.

पण रोबोकॉपीची खरी खोच वेगळीच. एखादी फाइल कोणी उघडी ठेवली असेल तर ती ३० सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करते, आणि काही सांगितलं नसेल तर असे १० लाख प्रयत्न. एका फाइलपायी ३४७ दिवस! वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये अकाउंट्सचं सॉफ्टवेअर रात्रभर उघडं राहायचं, रोबोकॉपी त्या फाइलपाशी बसून राहायची, आणि शेड्युलर 'आधीचं चालू आहे' म्हणून नवीन काम सुरूच करायचा नाही. प्रयत्नांची संख्या २ आणि थांबायचे ५ सेकंद असं लिहून द्या.

उघडून बघा

एवढं सगळं केल्यावरही महिन्यातून एकदा बॅकअपमधून डेटा परत उभा करा. वेगळ्या मशिनवर, नव्या नावाच्या डेटाबेसमध्ये. आणि तो बरोबर आहे का हे स्वतः ठरवू नका. रोज त्यात काम करणाऱ्याला विचारा. नौपाड्यात आता महिन्याच्या पहिल्या सोमवारी ताई आदल्या शनिवारच्या शेवटच्या बिलाचा नंबर, पार्टीचं नाव आणि रक्कम कागदावर लिहून देतात, मी ते उभ्या केलेल्या डेटात शोधतो. सापडलं की एका वहीत तारीख, फाइलचा आकार, उभा करायला लागलेली मिनिटं आणि तो बिल नंबर लिहितो, ताई खाली सही करतात. मिनिटांचा रकाना सोडू नका. सर्व्हर खरंच बसला तर साहेब पहिला प्रश्न तोच विचारणार आहेत.

काम झाल्यावर चाचणीचा डेटाबेस पुसायचा असतो. तिथे घाई नको. टर्मिनलवर मशिनचं नाव वाचा, डेटाबेसचं नाव मोठ्याने वाचा, शेजारी कोणी असेल तर त्यालाही वाचायला लावा, आणि मगच एंटर दाबा.